रक्तस्राव थांबला, मग आता पुन्हा सीटी कशाला?

या वेळी मूत्रपिंडाभोवती अचानक होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल तीन पत्रं आली आहेत. मी ठाण्यात गेली १९ वर्षं इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत, रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन आतल्या आत उपचार करते. पहिल्या पत्राला मोठं उत्तर देते आहे, कारण त्यातला प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि त्याबाबतीत केलेली टाळाटाळ मी स्वतः बघितली आहे.

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. आई ५६ वर्षांची आहे, घरी पोळी-भाजीचे डबे करते. दिवाळीच्या आधीच्या रविवारी चकल्या पाडता पाडता तिच्या डाव्या कुशीत एकदम जोराची कळ आली. शेजारच्या डॉक्टरांना मुतखडा वाटला, त्यांनी इंजेक्शन दिलं. दोन तासांनी ती बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, घामाने भिजली होती. रुग्णालयात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ होतं. लघवीत मात्र रक्त अजिबात नव्हतं. सीटीत डाव्या किडनीभोवती रक्त साठलेलं दिसलं. रात्री १२ वाजता जांघेतून तार घालून रक्त थांबवलं, तीन बाटल्या रक्त चढवलं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. रिपोर्टमध्ये लिहिलं आहे : ‘सुमारे ६ सेंमीची गाठ, बहुधा अँजिओमायोलायपोमा; रक्ताच्या गोळ्यामुळे नीट दिसत नाही, ३ महिन्यांनी पुन्हा सीटी करावा.’ आता अडीच महिने झाले. आई म्हणते, ‘मला काही होत नाही, उगाच पैसे कशाला घालवता?’ मामा म्हणतात, गाठ आत ठेवलीच कशी, तेव्हाच दुर्बिणीने किडनी काढून टाकायला हवी होती. कुणाचं ऐकू? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोघांचंही नको, रिपोर्टचं ऐका. सीटी करायलाच हवा. का ते सांगते, म्हणजे आईंना समजावणं तुम्हाला सोपं जाईल.

आधी त्या रविवारबद्दल. शेजारच्या डॉक्टरांवर राग धरू नका. मुतखड्याची कळ आणि ही कळ सुरुवातीला जवळजवळ सारखीच असते आणि मुतखडा कितीतरी पटीने जास्त आढळतो. फरक पुढच्या तास-दोन तासांत कळतो. मुतखड्याचा माणूस तळमळतो, एका जागी बसत नाही, पण त्याचा रंग सहसा उतरत नाही. आत रक्त जात असलेला माणूस पांढरा पडतो, त्याला गार घाम सुटतो, नाडी पळते आणि उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीतल्या कळीबरोबर यातलं काही दिसलं तर दुसरं इंजेक्शन घेऊन वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा.

लघवी स्वच्छ होती म्हणून तुम्ही सगळे गाफील राहिलात, ते साहजिक होतं. पण या आजारात रक्त मूत्रमार्गात न उतरता किडनीच्या बाहेर, तिच्या भोवतीच्या चरबीत साठतं. दोन्ही किडन्यांतून मिळून मिनिटाला लिटरभर रक्त फिरत असतं. तिथली फांदी फुटली की दोन तासांत काय होतं, ते तुम्ही घरी बघितलंच आहे. मार बसलेला नसताना असा रक्तस्राव झाला तर त्याला वुंडरलिश सिंड्रोम म्हणतात. कार्ल वुंडरलिश हे जर्मन डॉक्टर. त्यांनी १८५६ साली याचं वर्णन केलं. ३७ अंश हे माणसाचं नेहमीचं तापमान, ही गोष्ट रूढ केली तीही त्यांनीच. त्यांच्या काळी या आजाराचं निदान बहुतेक वेळा माणूस गेल्यावरच व्हायचं.

आता त्या रात्री काय केलं ते बघू. घरच्यांना बाहेर बाकावर बसवलेलं असतं, आत काय चाललंय ते त्यांना कधीच दिसत नाही. आणि न दिसल्यामुळेच मामांना वाटतं की नुसती तार घातली, ऑपरेशन केलंच नाही.

जांघेत फक्त सुई टोचतात तेवढी जागा बधिर करतात. रुग्ण जागा असतो. सुईतून तार, तारेवरून नळी आणि मग सुई बाहेर, ही रीत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली शोधली आणि आजही आम्ही तिच्यावरच काम करतो. नळी पोटातल्या मुख्य धमनीतून वर किडनीच्या धमनीच्या तोंडाशी नेतात आणि एक्स-रेत दिसणारं औषध सोडतात. रुग्णाला कमरेत एकदम ऊब जाणवते. मी म्हणते, ‘आई, श्वास रोखा.’ त्या चार-पाच सेकंदांत पडद्यावर झाड उभं राहतं, खोड, फांद्या, डहाळ्या. निरोगी किडनीत हे झाड शेवटपर्यंत रेखीव असतं. जिथून रक्त गळत असतं तिथे मात्र टिपकागदावर शाईचा थेंब पडावा तसा एक डाग फुटतो आणि पसरत जातो. तो डाग सापडला की खोलीतले सगळे गप्प होतात. मग पहिल्या नळीच्या आतून एक मिलिमीटरहूनही बारीक दुसरी नळी थेट त्याच डहाळीत न्यायची. तिच्यातून प्लॅटिनमची कॉइल सोडायची. नळीत असेपर्यंत ती सरळ तार असते, बाहेर पडली की स्वतःभोवती वेटोळं घालून बसते. तिच्यावरच्या बारीक धाग्यांना रक्त चिकटतं, गुठळी होते, वाट बंद. कधी कॉइलऐवजी बारीक कण किंवा औषधी गोंद वापरतात, कधी दोन्ही. पुन्हा औषध सोडून बघायचं. झाड तेच, पण एक फांदी कमी आणि डाग नाही. तुमच्या आईंचं ऑपरेशन ते हेच.

मामांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया उत्तम आहे. १९९० साली अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी पहिल्यांदा दुर्बिणीने किडनी काढली आणि आता आपल्या ठाण्यातही ते नेहमीचं काम झालं आहे. पण तिची वेळ ती रात्र नव्हती. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरावा लागतो, पूर्ण भूल द्यावी लागते. रक्तदाब खाली गेलेल्या बाईला हे दोन्ही सोसत नाही. शिवाय सगळीकडे रक्त साचलेलं असताना कॅमेऱ्याला लालभडक रंगाशिवाय काही दिसत नाही. अशा घाईत पोट उघडलं तर बहुतेकदा अख्खी किडनी गमवावी लागते. रक्त चढवूनही रक्तदाब सावरतच नसेल, तर पोट उघडावंच लागतं आणि तेव्हा तोच निर्णय बरोबर असतो. तुमच्या आई रक्त चढवल्यावर सावरल्या, म्हणून त्यांना हा दुसरा रस्ता मिळाला. किडनीच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे बंद केलेल्या फांदीवरचा तेवढाच तुकडा वाळतो, बाकीची किडनी काम करत राहते. छप्पन्नाव्या वर्षी, पुढची २५-३० वर्षं समोर असताना, हे फार मोलाचं आहे. एका किडनीवर माणूस जगतो, हे खरं. पण उद्या मधुमेह झाला, रक्तदाब वाढला, तर ही वाचवलेली अर्धी-पाऊण किडनीच कामी येते.

आणि आता सीटी. त्या रात्रीचं काम रक्त थांबवायचं होतं. रक्त का आलं, हे शोधायचं काम अजून बाकी आहे. ही दोन कामं वेगळी आहेत आणि पहिलं झालं की दुसरं आपोआप झालं असं सगळ्यांना वाटतं. रक्ताचा गोळा गाठीला पांघरुणासारखा झाकून टाकतो. तो विरायला आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांची मुदत.

आपोआप झालेल्या अशा रक्तस्रावाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे अँजिओमायोलायपोमा. नाव अवघड आहे, गाठ साधी आहे. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची. कॅन्सर नाही. बायकांमध्ये जास्त. हिच्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात, त्या फुगतात आणि फुटतात. गाठ ४ सेंमीपेक्षा मोठी झाली की धोका वाढतो आणि आईंची ६ आहे. पण रिपोर्टमध्ये ‘बहुधा’ हा शब्द आहे, तो विसरू नका. किडनीचा कॅन्सरही कधीकधी असाच, पहिल्यांदा रक्तस्राव होऊनच कळतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधले एक रिक्षाचालक माझ्याकडे आले होते. असंच रात्रीचं काम, रक्त थांबलं, चौथ्या दिवशी घरी. कागदावर ‘३ महिन्यांनी सीटी’ टाइप केलेलं होतं. ते आले नाहीत. आम्हीही फोन केला नाही. ते आले चौदा महिन्यांनी, वजन उतरलेलं, आणि या वेळी गाठ झाकायला रक्ताचा गोळा नव्हता. ती कॅन्सरची होती आणि तोवर किडनीभर पसरली होती. अख्खी किडनी काढावी लागली. तेव्हापासून मी डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या सीटीची तारीख स्वतः पेनाने लिहिते, घरातल्या एकाला ती मोठ्याने वाचायला लावते आणि त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडून फोन जातो. म्हणून तुमचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा अडीच महिन्यांचा आकडा दिसला आणि बरं वाटलं. तुम्ही वेळेत विचारलंत.

जाताना पहिल्या सीटीची सीडी आणि त्या रात्रीच्या प्रोसिजरचा कागद न्या. नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही, आधीच्या फिल्मशी ताडून बघता यायला हवं. दोन-तीन दिवस आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर सांगा. कॉइल आत आहे हे एमआरआय सांगितला तर आधी कळवा. प्लॅटिनमच्या कॉइलने सहसा अडचण येत नाही, पण तपासणी करणाऱ्याला माहीत हवं. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलाशी जाऊन पुढच्या उपचारातलं काय बसतं ते विचारा, रेशनकार्ड सोबत ठेवा.

सीटीत चरबी स्पष्ट दिसली तर निदान पक्कं. मग कॉइल घातलेली गाठ आक्रसली का, तिच्यात अजून रक्त खेळतंय का, ते बघायचं. एक आताच सांगते, गाठ नाहीशी होणार नाही. रक्तवाहिन्या आणि स्नायू आटतात, चरबी तशीच राहते. नव्या फांद्या फुटूही शकतात, म्हणून वर्षातून एकदा तपासणी. रक्तप्रवाह उरला असेल तर पुन्हा कॉइल किंवा मग दुर्बिणीतून नुसती गाठ काढून किडनी ठेवायची. मामांची दुर्बीण इथे खरी उपयोगाची, तीन-चार छिद्रांतून, किडनीची धमनी तेवढ्यापुरती बंद करून आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळी करून. चरबी दिसलीच नाही तर मात्र युरोलॉजिस्टकडे त्याच आठवड्यात जा.

डब्याचं काम त्यांनी चालू ठेवावं. कणीक मळणं, पोळ्या लाटणं चालेल. पाण्याच्या बादल्या आणि सिलिंडर सीटी होईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उचलावेत. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात उजव्या किडनीभोवती रक्त साठलं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, ७च्या वर होता. त्याआधी आठवडाभर खोकल्यासाठी अँटिबायोटिक घेतलं होतं. आयसीयूत चार दिवस ठेवलं, पण ऑपरेशन नाही, तार नाही, काहीच केलं नाही. नातेवाईक म्हणतात, दुर्लक्ष झालं. गोळी आता कायमची बंद करावी का? — एक वाचक, कळवा

उत्तर : दुर्लक्ष झालेलं नाही. किडनीभोवती एक घट्ट पिशवीसारखं आवरण असतं. त्यात रक्त भरत गेलं की आतला दाब वाढतो आणि तोच दाब बारीक गळती दाबून धरतो. रक्तदाब स्थिर असेल, हिमोग्लोबिन टिकून असेल, तर रक्त पातळ होण्याचं कारण दूर करायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं, हाच उपचार. चार दिवस दर काही तासांनी रक्त तपासलं असेल, वॉरफरिनला उतारा म्हणून व्हिटॅमिन के दिलं असेल. त्याला काहीच न करणं म्हणू नये.

गोळी बंद करू नका. कृत्रिम झडपेवर गुठळी झाली तर मेंदूचा झटका येऊ शकतो. किती मात्रा आणि आयएनआर किती ठेवायचा हे हृदयाचे डॉक्टरच ठरवतील. बहुतेक घोटाळा त्या अँटिबायोटिकने झाला असावा. कितीतरी अँटिबायोटिक्स वॉरफरिनचा परिणाम वाढवतात. यापुढे सर्दी-खोकल्यालाही औषध घेताना डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यालाही वॉरफरिन सांगा आणि नवीन औषध सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर करा. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं म्हणून ती बंद करायची गरज नाही, फक्त एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करू नका. आणि हो, यांचाही सीटी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. गोळीमुळे रक्त आलं असं वाटलं तरी मागे एखादी गाठ नाही ना, ते बघायला हवं.

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली त्यात उजव्या किडनीत ३.२ सेंमीची अँजिओमायोलायपोमा सापडली. पोटदुखी पित्ताची निघाली, ती गेली. आम्ही बाळाचा विचार करतोय. सासूबाई म्हणतात, आधी गाठ काढून घे, नाहीतर मूल नको. मला रात्री झोप येत नाही. — एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : हा कॅन्सर नाही आणि आई होण्याचा विचार सोडायचं कारण नाही. तरी सासूबाईंच्या काळजीला आधार आहे. गरोदरपणात ही गाठ वाढू शकते आणि फुटण्याचा धोका थोडा जास्त असतो. म्हणून तपासणी आधी, दिवस राहण्यापूर्वी करून घ्या. सोनोग्राफीत पांढरी दिसणारी प्रत्येक गाठ हीच असते असं नाही. साधा सीटी किंवा एमआरआय करून चरबी आहे याची खात्री करायची आणि आतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या आहेत का ते बघायचं. ३ सेंमीची गाठ पण आत मोठा फुगवटा, असं असेल तर आधी कॉइल घालून घ्या असं मी सांगेन. फुगवटा नसेल तर नुसतं लक्ष ठेवून पुढे जाता येतं. हे युरोलॉजिस्ट आणि तुमच्या प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून ठरवावं, एकाने नाही.

गालांवर लहान लालसर पुटकुळ्या, अंगावर पांढरे चट्टे, लहानपणी फिट्स किंवा घरात कुणाला असं काही, दुसऱ्या किडनीतही गाठी, यातलं काही असेल तर नक्की सांगा. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारात अशा गाठी अनेक असतात आणि मग बाळाचा विचार करताना जनुकीय सल्ला घ्यावा लागतो. काहीच नसेल तर तुमची ही एकटी गाठ आहे, बहुतेकींची तशीच असते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा.

दिवस राहिल्यावर प्रत्येक सोनोग्राफीत बाळाबरोबर किडनीही बघायला सांगा. कुशीत जोराची कळ आली तर ज्या रुग्णालयात जाल तिथे पहिलं वाक्य हे : ‘माझ्या उजव्या किडनीत गाठ आहे.’ मोबाइलमध्ये रिपोर्टचा फोटो ठेवा, नवऱ्याच्या मोबाइलमध्येही. आणि पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या. सीटीत ही चरबी काळी दिसते. डॉक्टरांना सांगा, पडद्यावर ती काळी जागा सासूबाईंना बोटाने दाखवा.